जुन्या फटफटीचा रंग

(नभोवाणीवरील भाषण)

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या हातून एक चूक घडली. तिनें कोणाचें नुकसान झालें नाहीं, कोणी मला दोषही दिला नाहीं; उलट त्या दिवशीं शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं माझें कौतुकच केलें. तथापि त्या चुकीमुळें एका प्रश्नाचें उत्तर कायमचें नाहींसें झालें, आणि तो प्रश्न अजून मला सोडीत नाहीं.

आमच्या आजोबांची एक मोटारसायकल होती. घरांत मात्र तिला ‘फटफटी’ याखेरीज दुसरें नांव कधींच मिळालें नाहीं. ती इंग्लंडांतील सनबीम या कारखान्याची, १९२७ सालची. दुसरें महायुद्ध संपल्यावर आजोबांनीं ती कोणाकडून तरी जुनी म्हणूनच विकत घेतली होती. त्यांच्या पश्चात् ती कित्येक वर्षें जिन्याखालच्या अंधारांत पडून राहिली. मीं ती बाहेर काढली, इंजिन दुरुस्त करविलें, आणि रंगासाठीं एका कारागिराच्या स्वाधीन केली. त्यानें विचारलें, “साहेब, रंग कसा करायचा?” मी म्हणालों, “अगदीं नव्यासारखा करून द्या.”

महिन्याभरानें फटफटी घरीं आली ती आरशासारखी चकाकत. लोक पाहावयास आले. परंतु जातां जातां त्या कारागिरानें माझ्या हातांत एक कागदाची पुडी ठेवली. “टाकी खरवडतांना ह्या खपल्या निघाल्या. एकींत कांहीं सोनेरी दिसलें, म्हणून टाकून देववेना,” असें तो म्हणाला. नखाएवढी ती खपली मीं भिंगाखालीं धरली. तळाशीं गर्द काळा थर होता. त्यावर केसासारखी बारीक सोन्याची रेघ. तिच्यावर पिवळट पडलेलें रोगण. त्याच्यावर मळकट खाकी रंगाचा एक निस्तेज हात. खाकीवर हिरवा, आणि सर्वांत वर ब्रशानें फासलेला जाड काळा तेलरंग. एका फटफटीचें सबंध चरित्र पानांवर पान रचावें तसें त्या नखाएवढ्या तुकड्यांत रचलेलें होतें. आणि त्या चरित्राची उरलेली प्रत मीं पैसे देऊन खरवडून टाकविली होती.

ह्या सहा थरांच्या आधारेंच आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे. जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार करतांना रंग कोणता निवडावा, हा प्रश्न आवडीनिवडीचा आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो इतिहासाचा प्रश्न आहे.

प्रथम तळचा काळा थर घेऊं. इंग्रज कारागीर ह्या रंगाला ‘जपान’ म्हणत, आणि तो चढविण्याच्या कामास ‘जपानिंग’. सतराव्या शतकांत जपान व चीन या देशांतील काळ्या, तुकतुकीत पेट्या व तबकें युरोपांत जाऊं लागलीं आणि तेथील श्रीमंतांस त्यांनीं वेड लावलें. तो मूळ रंग म्हणजे एका विशिष्ट झाडाचा चीक होय. तो झाड तेथलें, चीकही तेथला. युरोपांत तो मिळण्याचा संभव नव्हता. म्हणून युरोपीय कारागिरांनीं राळ, चपडा लाख, जवसाचें तेल, डांबर अशा पदार्थांपासून त्याची नक्कल बनविली. इंग्रजींतील ‘लॅकर’ हा शब्ददेखील आपल्या ‘लाक्षा’ शब्दाचाच दूरचा वंशज आहे. महाभारतांतील लाक्षागृहाची कथा आपण सर्वांनीं ऐकलेली आहे, आणि सावंतवाडीचीं लाखकामाचीं खेळणीं व गंजिफा आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असतील. शब्द आपल्याकडून गेला, वस्तूचें नांव जपानवरून पडलें, आणि प्रत्यक्ष रंग शिजला तो इंग्लंडांतील भट्ट्यांत!

ह्या धंद्याचीं मोठीं केंद्रें म्हणजे बर्मिंगहॅम, बिल्स्टन आणि वुल्व्हरहॅम्प्टन हीं गांवें. ज्याच्या नांवाचे टाईप आजही छापखान्यांत व संगणकांत वापरले जातात, तो सुप्रसिद्ध मुद्रक जॉन बास्कर्व्हिल यानें आपली संपत्ति मिळविली ती मुद्रणांत नव्हे, तर १७४० च्या सुमारास बर्मिंगहॅममध्यें सुरू केलेल्या ह्या जपानिंगच्या धंद्यांत. त्या पैशावर त्यानें पुढें आपले सुंदर ग्रंथ छापले. पत्र्याचीं तबकें, चहाच्या पेट्या, कोळशाच्या बादल्या अशा वस्तूंवर काळा झिलईदार हात चढवून हीं गांवें दीडशें वर्षें जगलीं.

ह्याच परंपरेंत जॉन मार्स्टन नांवाचा मनुष्य निपजला. त्याचा जन्म १८३६ चा. पंधराव्या वर्षीं तो वुल्व्हरहॅम्प्टन येथें एडवर्ड पेरी नांवाच्या जपानिंग करणाऱ्या कारखानदाराकडे उमेदवार म्हणून राहिला. १८५९ सालीं त्यानें स्वतःचा धंदा मांडला, आणि १८७१ सालीं पेरी वारल्यावर त्याचा कारखानाही विकत घेतला. १८८७ सालीं तो सायकली करूं लागला. त्याच्या सायकलीच्या काळ्याभोर सांगाड्यावर ऊन चमकलेलें पाहून त्याच्या पत्नीनें ‘सनबीम’ म्हणजे सूर्यकिरण हें नांव सुचविलें, असें सांगतात. १९१२ सालीं ह्याच कारखान्यांतून सनबीम मोटारसायकल बाहेर पडली. ध्यानांत घ्या, हा मनुष्य यंत्रकार होऊन मग रंगाकडे वळलेला नव्हता. तो मुळांत रंगारी होता, आणि रंगांतून यंत्राकडे आला. म्हणून सनबीमचा काळा रंग आणि त्यावरील सोन्याच्या वर्खाच्या रेघा हें त्या फटफटीचें वरवरचें लेणें नव्हतें. ज्या कलेंतून तो कारखाना जन्मास आला तिचाच तो शेवटचा बहर होता.

आतां हा काळा रंग कसा चढवीत असत तें थोडक्यांत सांगतों, कारण त्यावांचून पुढील निवड समजणार नाहीं. डांबरी द्रव्य, जवसाचें तेल आणि टर्पेंटाईन यांचें मिश्रण करून त्याचा पातळ हात सांगाड्यावर द्यावयाचा, किंवा सांगाडाच त्यांत बुडवावयाचा. मग तो भट्टींत ठेवून सुमारें १५० ते २०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत भाजावयाचा. बाहेर काढून घांसावयाचा, आणि पुन्हां दुसरा हात. असे अनेक हात बसल्यावर जो थर तयार होई तो पातळ असून अतिशय कठीण असे. मडकें भाजल्यानें जसें पक्कें होतें तसाच कांहींसा हा प्रकार.

त्या काळच्या बहुतेक सर्व फटफट्यांचे सांगाडे काळेच कां असत, याचें उत्तरही ह्या भट्टींतच आहे. डांबरी द्रव्य स्वभावतःच काळें. त्यापासून पांढरा किंवा निळा रंग होऊं शकत नाहीं. इतर फिके रंग एवढ्या आंचेवर पिवळे पडत, म्हणून ते मंद आंचेवर भाजावे लागत, आणि त्यामुळें तितके टणकही होत नसत. चाकांखालून उडणारे खडे आणि चिखल सोसावयाचे तर काळ्यासारखा दुसरा रंग नव्हता. हेन्री फोर्डनें १९१४ पासून १९२५ पर्यंत आपली प्रसिद्ध मोटार केवळ काळ्या रंगांत विकली, त्यालाही रंगाचा टिकाऊपणा व स्वस्ताई हींच कारणें होतीं.

परंतु पेट्रोलच्या टाकीची गोष्ट निराळी. १९२० च्या दशकांतील पुष्कळ टाक्या पातळ पत्र्याच्या असून त्यांचे सांधे कथील व शिसें यांच्या झाळीनें जोडलेले असत. ही झाळ सुमारें १८३ अंशांवर वितळूं लागते. सांगाड्याच्या कडक भट्टींत अशी टाकी ठेवली तर ती रंगून निघण्याऐवजीं सुटी होऊन निघावयाची! म्हणून टाकीला मंद आंचेवरचा अथवा हवेवर वाळणारा रंग द्यावा लागे आणि वरून पारदर्शक रोगण. एकाच फटफटीचा सांगाडा व टाकी यांचे रंग एकसारखे काळे दिसले तरी ते एकाच जातीचे असतीलच असें नाहीं. आजच्या काळीं ही गोष्ट किती महत्त्वाची ठरते तें पुढें येईलच.

सोनेरी रेघ हा दुसरा थर. ती ओढण्याचा कुंचला लांब केसांचा असतो. तो रंगांत भिजवून एका दमांत ओढावयाचा, मध्यें थांबावयाचें नाहीं. ही विद्या कारखान्यांतून पुष्कळ अंशीं नाहींशी झाली. परंतु आपल्याच देशांत, मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथें, रॉयल एन्फील्डच्या टाक्यांवर एकविसाव्या शतकांतही अशा रेघा मोकळ्या हातानें ओढल्या जात असत. इंग्लंडांत तें कंपनीचें मूळ घर बंद पडल्यावरही इकडे तिची हस्तविद्या जिवंत राहिली, हें आपल्याला अभिमानास्पदच होय. हातानें ओढलेल्या रेघेचें एक लक्षण असतें: ती वळणावर किंचित् जाड-बारीक होते. चिकटपट्टी लावून मारलेली रेघ अगदीं सारखी येते, आणि म्हणूनच ती जुन्या यंत्रावर परकी दिसते.

ह्याच काळांत रंगाच्या जगांत मोठी क्रांति झाली. पहिल्या महायुद्धांत स्फोटक द्रव्यांसाठीं नायट्रोसेल्युलोज फार मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागलें. युद्ध संपलें, कारखाने उरले. त्या द्रव्यापासून अमेरिकेंत ड्युपाँ कंपनीनें १९२३ सालीं ‘ड्युको’ नांवाचा फवाऱ्यानें मारावयाचा रंग बाजारांत आणला, आणि जनरल मोटर्सनें तो १९२४ च्या ओकलंड मोटारींवर वापरला. पूर्वीं मोटारीचा रंग वाळण्यास आठवडे लागत. आतां तेंच काम तासांवर आलें, आणि हवा तो रंग मिळूं लागला. गंमत अशी कीं, मार्स्टन १९१८ सालीं वारल्यावर त्याचा सनबीम कारखाना विकला गेला, आणि लवकरच तो नोबेल इंडस्ट्रीज या स्फोटक द्रव्यें करणाऱ्या उद्योगसमूहाकडे गेला. १९२६ सालीं इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज स्थापन झाली तेव्हां तो तिच्या छत्राखालीं आला. भट्टीच्या काळ्या रंगासाठीं नांवाजलेला कारखाना सुरुंगाची दारू करणाऱ्यांच्या मालकीचा झाला, आणि तरीही १९२८ व १९२९ या दोन्ही वर्षीं चार्ली डॉडसन यानें आइल ऑफ मॅन बेटावरील मोठी शर्यत जिंकली ती काळ्या-सोनेरी सनबीमवरच.

चकचकीत भागांचीही अशीच कथा आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हँडल, दिवे, चाकांचे तुंबे यांवर निकेलचा मुलामा असे. निकेलची तकाकी किंचित् पिवळसर व उबदार असते. ती हवेनें मंद पडते आणि वरचेवर घांसावी लागते. क्रोमियमचा मुलामा १९२० च्या दशकांत अमेरिकेंत व्यवहारांत आला आणि १९३० च्या आसपास इंग्रजी फटफट्यांवर सर्रास दिसूं लागला. क्रोमियम निळसर, थंड आणि कधीं न मळणारें. आमची फटफटी १९२७ ची, म्हणजे निकेलच्या काळांतली. मीं मात्र तिला निळसर क्रोमियमनें मढविलें. पेशवाईंतील सरदाराच्या चित्रांत मनगटावर घड्याळ काढावें, तसेंच हें झालें!

आतां तो खाकी थर, माझ्या खऱ्या दुःखाचा विषय. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश लष्करासाठीं फार मोठ्या संख्येनें फटफट्या तयार झाल्या, बी.एस.ए. कारखान्याच्या एम-२० या एकाच जातीच्या सुमारें सव्वा लाख. त्यांवर झिलई नव्हती, क्रोमियम नव्हतें, कारण चमकणारी वस्तु शत्रूला दुरून दिसते आणि ते धातु तोफा-रणगाड्यांना हवे होते. रंग प्रथम खाकी-हिरवा. हिरव्या रंगद्रव्याची टंचाई पडल्यावर १९४२ च्या सुमारास तपकिरी. १९४४ पासून ऑलिव्ह. युद्धाच्या आरंभीं इंग्लंडांत सरकारनें लोकांच्या खासगी फटफट्याही ताब्यांत घेऊन त्यांना लष्करी रंग फासला होता. आणि लष्करी फटफटीच्या टाकीवर ‘सी’ या अक्षरानें आरंभ होणारा एक क्रमांक रंगविलेला असे.

मग आमच्या फटफटीवर खाकी कोठून आली? ती युद्धांत होती काय? कोणत्या देशांत, कोणत्या पलटणींत? कीं एखाद्या हौशी मालकानें युद्धकाळांत मिळेल तो रंग मारून घेतला? आजोबा गेले, आजी गेली. हें सांगणारें घरांत आतां कोणी नाहीं. सांगणारी एकच साक्षीदार उरली होती, ती म्हणजे टाकीची ती बाजू. वरचा काळा व हिरवा थर हळूहळू, बोटभर जागेंत, हलक्या हातानें उतरविला असता तर खाली क्रमांक आहे कीं नाहीं तें कळलें असतें. क्रमांक असता तर कदाचित् पुढचा मागही लागला असता. मीं त्या साक्षीदाराचें तोंडच बंद केलें.

आपल्याकडे एखाद्या जुन्या मूर्तीवरचें शेंदराचें कवच गळून पडतें आणि आंतून प्राचीन, रेखीव मूर्ति प्रगट होते, हें आपण पाहतों. शेकडों वर्षांच्या शेंदरानें ती झांकली, पण जपलीही. उलटपक्षीं कित्येक जुन्या दगडी देवळांचा जीर्णोद्धार म्हणून कोरीव कामावर भडक तेलरंग फासलेला आपण पाहतों, आणि हळहळतों. यंत्रांचाही न्याय हाच आहे. विशेष म्हणजे परंपरेनें वापरला जाणारा शेंदूर हा शिशापासूनच बनतो, आणि लोखंडाला गंजापासून राखण्यासाठीं जुने रंगारी जें तांबडें अस्तर देत असत तेंही हेंच शिशाचें द्रव्य होय. म्हणून सावधगिरीची एक सूचना येथेंच देऊन ठेवतों. जुना रंग कोरडा घांसूं नये. त्याची धूळ विषारी असूं शकते. पाण्यानें ओला करून घांसावा, तोंडाला योग्य मुखवटा असावा, आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावें.

आतां आजच्या कारागिराकडे कोणते रंग असतात तें पाहूं. एक, दोन द्रव्यें मिसळून मारावयाचा आधुनिक पॉलियुरेथेन रंग. त्यावर पेट्रोलचा परिणाम होत नाहीं, उन्हांत तो टिकतो, तकाकी विलक्षण. परंतु त्याच्या कठीण करणाऱ्या द्रव्यांत आयसोसायनेट असतात व त्यांपासून दमा जडूं शकतो; तो घराच्या गच्चीवर मारण्याचा रंग नव्हे. शिवाय त्याची तकाकी कांचेखालीं ठेवल्यासारखी खोल दिसते, आणि ती जुन्या रंगाची नव्हे हें जाणत्याला दुरून कळतें. दुसरा प्रकार पावडर कोटिंगचा. ही पद्धति १९५० च्या दशकांत जर्मनींत निघाली. कोरडी भुकटी विजेच्या योगानें धातूला चिकटवितात आणि सुमारें १८० ते २०० अंशांवर वितळवितात. हा थर जाड, चिवट व तुलनेनें स्वस्त. रोजच्या वापराच्या, पावसांत जाणाऱ्या गाडीच्या सांगाड्याला तो उपयोगी पडतो, हें मी नाकारीत नाहीं. परंतु त्याच्या जाडीखालीं सांगाड्यावर ठोकलेले अंक, ओतकामाच्या खुणा, कोपऱ्यांची धार हीं सर्व बुजून जातात. आणि एखाद्या ठिकाणीं टवका उडाला तर त्याच्या आडून गंज आंतल्या आंत पसरत जातो. झाळलेल्या टाकीचें काय होतें, तें तर आतां सांगावयासच नको: ज्या उष्णतेवर भुकटी वितळते त्याच उष्णतेवर टाकीचे सांधेही वितळतात. शंभर वर्षांपूर्वीं वुल्व्हरहॅम्प्टनच्या कारागिराला जी गोष्ट पक्की ठाऊक होती, ती आज आपण विसरतों आणि टाकी गमावतों.

तेव्हां निवड कशी करावी? ह्या विषयाचा विचार जगांत पुष्कळ झाला आहे. इंग्लंडांत जुन्या फटफट्यांच्या हौशी लोकांचें मंडळ १९४६ सालींच स्थापन झालें. प्राचीन वास्तूंच्या जपणुकीसाठीं १९६४ सालीं व्हेनिस येथें एक सनद तयार झाली, आणि तिच्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघानें २०१३ च्या सुमारास ट्यूरिन सनद मान्य केली. तिचें सार असें: नवें करण्यापेक्षां आहे तें जपणें श्रेष्ठ, बदल करावाच लागला तर तो कमींत कमी करावा, आणि जें केलें त्याची नोंद ठेवावी.

माझ्या अनुभवानें यांत थोडी भर घालतों. रंग खरवडण्यापूर्वीं फटफटीच्या अशा जागा पाहाव्या कीं जेथें ऊन, पाऊस व रंगारी यांपैकीं कोणीच पोंचलेलें नाहीं: टाकीच्या खालची बाजू, गुडघ्याच्या रबराखालचा भाग, हत्यारांच्या पेटीचें आंतलें अंग, पट्ट्यांच्या व चिमट्यांच्या खालची जागा. मूळ रंगाचा खरा नमुना तेथेंच सांपडतो. दिवसाच्या उजेडांत त्याचीं छायाचित्रें घ्यावीं. रेघांची जाडी व कडेपासूनचें अंतर मोजून लिहून ठेवावें. न दिसणाऱ्या जागीं कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन हळूच लावून पाहावें: बोळ्याला रंग लागला तर बहुधा तो सेल्युलोजचा, कारण तो कित्येक वर्षांनींही आपल्या द्रावकांत विरघळतो, भट्टींत भाजलेला जुना रंग तसा विरघळत नाहीं. आणि वाळूच्या झोतानें पातळ पत्रा व ठोकलेले अंक कधींही साफ करवूं नयेत.

एवढें केल्यावर मग प्रत्येक फटफटीची निवड आपोआप ठरत जाते. मूळ रंग अर्ध्याहून अधिक शाबूत असेल, तर त्याला हात लावूं नये. धुवून, सौम्य मेणाचा हात देऊन थांबावें. टवके उडाले असतील तेथें तेवढाच रंग भरावा. मूळ रंग खरोखरच गेला असेल, तर सांगाड्याला शक्य तर भट्टींत भाजावयाचा काळा रंगच द्यावा; तसा कारागीर न मिळाल्यास आधुनिक रंग द्यावा, परंतु पातळ, आणि तकाकी थोडी मोडून. झाळलेल्या टाकीला हवेवर वाळणारा अथवा मंद आंचेचा रंग. १९२८ पूर्वींच्या यंत्राला निकेल, क्रोमियम नव्हे. आणि रेघा हातानें, थोड्या वांकड्या गेल्या तरी चालतील.

यावर कोणी म्हणेल, “अहो, फटफटी ही चालविण्याची वस्तु, पदार्थसंग्रहालयांत ठेवण्याची नव्हे. कोंकणच्या पावसांत ती न्यावयाची तर जुना काळा रंग घेऊन काय करावयाचें?” हा आक्षेप मला मान्य आहे. ज्याला रोज चालवावयाची आहे त्यानें टिकाऊ रंग अवश्य द्यावा. मार्स्टननेंही त्याच्या काळांतला सर्वांत टिकाऊ रंगच वापरला होता. तो जुना म्हणून नव्हे. माझें म्हणणें एवढेंच कीं, निवड डोळे उघडे ठेवून व्हावी, आणि खरवडणें हें तिचें पहिलें पाऊल नसून शेवटचें असावें. नवा रंग केव्हांही देतां येतो. जुना रंग एकदांच लाभतो.

माझी फटफटी आजही उत्तम चालते. तिची निळसर तकाकी पाहून लोक अजूनही थांबतात, आणि कोणी मुलगा विचारतो, “आजोबा, ही नवी आहे का?” मी “नाहीं” म्हणतों, आणि त्याला ती खपली दाखवितों. कांचेच्या लहानशा डबींत ती मीं जपून ठेवली आहे, आणि डबीवर चिठ्ठी लावून सहाही थरांचीं नांवें क्रमानें लिहिलीं आहेत. पांच थरांपुढें त्यांचा अर्थही लिहिलेला आहे. चौथ्या थरापुढें मात्र मीं जागा कोरी सोडली आहे.

आपल्या घरीं, एखाद्या जिन्याखालीं वा वळचणीला अशी एखादी जुनी वस्तु असेल. ती फटफटीच असेल असें नाहीं, शिवणयंत्र असेल, ग्रामोफोन असेल, आजीची पत्र्याची पेटी असेल. तिच्यासाठीं कारागीर बोलवाल आणि तो विचारील, “रंग कसा करायचा?” तेव्हां मीं दिलें तें उत्तर देऊं नका. “थांबा, आधीं नीट पाहूं या,” एवढेंच म्हणा.